आक्कांचा अर्धा घट

सायलीच्या पप्पांनी आज सकाळी माती आणली. दरवर्षी आणतात तशीच, जुन्या टॉवेलात बांधून, अनवाणी जाऊन. देव्हाऱ्यापुढे वर्तमानपत्र अंथरून त्यांनी गाठ सोडली आणि म्हणाले, "आपल्याच रानाची हाय." हे वाक्यही दरवर्षीचंच. आपलं रान म्हणजे आता आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी लग्न होऊन पुनावळ्यात आले तेव्हा तिथं ज्वारी उभी असायची, आता गाड्या उभ्या असतात. गेटाजवळच्या जांभळाभोवती कट्टा बांधून जी चार घमेली माती राखली आहे, तिला आमच्या घरात अजून रान म्हणतात. तिला मातीचा वास कमी आणि चुन्याचा जास्त येतो. तरी घटाला आपल्याच रानाची माती लागते, नर्सरीतली पिशवी चालत नाही, असा या घरचा नेम आहे.

ती माती बघितली आणि मी आधी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. पूर्वी असं व्हायचं नाही. गेल्या वर्षीच्या घटांनी मला ही खोड लावली.

ज्यांच्याकडे घट बसत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नवरात्राच्या पहिल्या दिवशी बांबूच्या परडीत शेतातली माती पसरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, भोवतीच्या मातीत धान्य पेरायचं आणि वर रोज फुलांची एक माळ सोडायची. घट पाझरत राहतो, मातीला ओल मिळते आणि दसऱ्यापर्यंत वीतभर धान वर येतं. मग घरातलं जाणतं माणूस ते धान बघून पुढचं साल सांगतं. हिरवं, दाट आलं तर चिंता नाही. पिवळं, विरळ आलं तर जपून राहा. रान गेलं, बैल त्याच्याही आधी गेले, पण घट वाचायची सवय काही गेली नाही. चाकणच्या कंपनीत दिवसभर मायक्रोमीटर घेऊन सुटे भाग तपासणारा माझा नवरा घरी येऊन परडीपुढे उकिडवा बसतो आणि गंभीर चेहरा करून सांगतो, "गहू जरा मागं हाय." मी चिंचवडात वाढलेली, एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी बाई. मला हसू यायचं. पण हसू गालात ठेवायचं असतं, कारण या कामात यांना चेष्टा चालत नाही. नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. कंपनीच्या गेटातून आत गेलं की सेफ्टी शूज घालावेच लागतात, तेवढीच देवीकडून सवलत. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, बसलेला घट दसऱ्याआधी जागचा हलवायचा नाही. केर काढतानासुद्धा मी परडीच्या चार बोटं अलीकडे थांबते.

मला हे दिवस फार आवडायचे. पाऊस ओसरलेला, ऊन चढू लागलेलं, पण सावलीत गेलं की गारवा. ताथवड्याच्या कॉलेजातून घरी येताना सर्व्हिस रोडच्या कडेला, अजून कुणी पत्रे न ठोकलेल्या मोकळ्या जागेत तरवड फुललेला असायचा. मी गाडी थांबवून माळेपुरती पिवळी फुलं खुडून घ्यायची. पलीकडे क्रेन फिरते आहे, टँकर हॉर्न मारतो आहे आणि इकडे ओंजळीत फुलं, अशी ती संध्याकाळ असायची. लायब्ररीत सेमिस्टरच्या परीक्षेची गर्दी सुरू झालेली. मुलं वह्यांवर डोकं ठेवून झोपायची आणि मी त्यांना उठवायची नाही. वर्षातला सगळ्यात धड काळ कोणता, असं कुणी विचारलं असतं तर मी हाच सांगितला असता.

गेल्या वर्षी मात्र पाऊस जाईचना. मे महिन्यातच आला आणि पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने बिऱ्हाड मांडावं तसा राहिला. गणपती पावसात गेले, पितृपक्ष पावसात गेला. कपडे वाळेनात, भिंतींना बुरशी धरली. आम्ही मोठी माणसं कुरकुरत होतो, एकमेकांना विनोद पाठवत होतो. आणि त्याच दिवसांत आमची सायली, विशीतली मुलगी, सिव्हिल इंजिनियरिंग शिकणारी, आमच्या डोळ्यांदेखत आत आत मिटत गेली. ते आम्हाला दिसलं नाही.

सुरुवात कुठून झाली ते आता कळतं. एका दुपारी ती कॉलेजातून येत होती. हायवेखालच्या अंडरपासात पाणी भरलं. दोन्हीकडून गाड्या, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि बघता बघता पाणी स्कूटरच्या सीटला लागलं. कुणा अनोळखी माणसाने तिला हाताला धरून बाहेर काढलं. ती घरी आली, आंघोळ केली, आल्याचा चहा प्यायली आणि सगळं हसत हसत सांगितलं. आम्ही ऐकलं. स्कूटर कशी दुरुस्त करायची, यावर चर्चा केली. विषय संपला.

मग दाराशी एक सॅक दिसू लागली. तिच्यात सगळ्यांची आधार कार्डं, तिच्या मार्कशीट, टॉर्च, बिस्किटांचे पुडे. मी म्हटलं, ट्रिपला निघालीस का? ती म्हणाली, असू दे. ती जीन्स घालून झोपू लागली. आभाळ भरून आलं की कॉलेजला जायची नाही, आणि त्या सप्टेंबरात आभाळ भरलेलं नसेल असा दिवसच उगवत नव्हता. जेवण चिमणीएवढं. मोबाईलवर सतत ढगांचे नकाशे, हिरवे, पिवळे, लाल. खोलीत गेलं की ती मोबाईल उलटा ठेवायची, आणि मी आई असल्यामुळे त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला.

एका रविवारी आम्ही दोघी कोथिंबीर निवडत बसलो होतो. काहीतरी तिच्या हट्टावरून बोलणं निघालं आणि मी सवयीने म्हणून गेले, "माझ्या वयाची झालीस की कळेल तुला."

"मी नाही होणार तुझ्या वयाची," सायली म्हणाली.

सूर अगदी साधा. आज दूधवाला आलेला नाही, असं सांगावं तसा. ती देठं खुडत राहिली. माझा हात थांबला. कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि तो बंद करायला हवा हे सुचत नव्हतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे काही नाही. घाबरू नकोस, मला मरायचं वगैरे नाहीये. पण पुढचं काही दिसतच नाही मला. बाकीच्या मुली बोलतात, जॉब, लग्न, फ्लॅट. मी डोळे मिटले की ते अंडरपासातलं पाणी दिसतं. दर वर्षी ते जास्त असणार, उन्हाळे जास्त असणार. मग अभ्यास कशासाठी करायचा तेच कळत नाही."

यावर मी काय विचारावं? मी विचारलं, "कुणी मुलगा आहे का?"

सायली माझ्याकडे बघून हसली. तसं हसू मी माझ्या मुलीच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. त्यात राग नव्हता. मी फार लांब कुठेतरी उभी आहे आणि माझ्यापर्यंत आवाज पोचणार नाही, हे तिने मान्य केलं होतं.

तिच्या पप्पांना सांगितलं तर ते खळखळून हसले. "मोबाईल काढून घे तिचा आधी. आमी पूर बघितलं न्हाईत व्हय? पवनेचं पाणी देवळाच्या पायरीला लागायचं, आमी उड्या मारायचो त्यात." सायली समोरच होती. ती उठून खोलीत गेली. मग कुरुळीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. चाकणच्या पट्ट्यात, दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये अजून एक वावर कसून दाखवणाऱ्या. त्यांनी पोरीला समोर बसवून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. तडतडल्या. आक्का म्हणाल्या, "लई मोठी नजर हाय." सायलीने बिचारीने ते सगळं करू दिलं. निदान आत्याने जवळ बसवून घेतलं, एवढ्यावरच तिचं समाधान असावं.

शेवटी मी तिला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. यांनाही ओढत नेलं. त्या बाई आधी सायलीशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, "झोपेचं, जेवणाचं आपण बघू, ती येत राहिली तर फरक पडेल. पण एक करा. तिची भीती खोटी आहे असं तिला सांगू नका. ती खोटी नाहीये. ती एकटी पडलीये, ते जास्त वाईट आहे." मी मान डोलावली. हे मात्र खुर्चीतून उठलेच. घरी येताना गाडी चालवता चालवता म्हणाले, "भ्या घालवायला न्यायचं का वाढवायला?" आणि मग थेट घर येईपर्यंत एक शब्द नाही. त्या गप्प बसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मी लायब्ररीत बसून मुलांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. हीच ती मुलं. एसीखालची जागा पकडायला धावणारी, पुराच्या व्हिडिओवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकणारी. यातल्या किती जणांच्या दाराशी सॅक असेल? आमच्या लहानपणीही भीती होतीच की. विहिरीतली हडळ होती, गणिताचा पेपर होता, मोठं झाल्यावर सासू होती. पण त्या प्रत्येक भीतीचा पत्ता ठाऊक असायचा. विहिरीकडे जायचं नाही, पेपर एकदाचा संपायचा, सासूशी जमवून घ्यायचं. या पोरांची भीती आभाळात आहे. तिला लिंबू-मिरची बांधायची तर कुठल्या चौकटीला? आणि आम्ही त्यांना काय सांगतो, तर काही होत नाही. ज्यांनी घराचं छप्पर व्हायचं ती माणसं म्हणतात, गळत नाहीये, तुझाच अंगरखा ओला आहे. असल्या घरात पोरानं राहायचं कसं? मला राग आला. कुणाचा आला ते नक्की सांगता येत नाही.

घट बसले तेव्हाही रिपरिप चालूच होती. परडी भरताना यांनी सायलीला हाक मारली. "हिकडं ये. मोबाईलचं ऐकत बसती, त्यापरीस ह्याचं ऐक. घट कवा खोटं बोलत न्हाई. धान हिरवंगार आलं तर समज, समदं ठीक हाय." बोलले ते समजूत घालायला. पण सायली तिथेच फतकल मारून बसली. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे मला माहीत आहे. पण बुडणारा माणूस काडीची जात विचारत नाही. रोज सकाळी ती परडीचा फोटो काढू लागली, एकाच कोनातून. मला बरं वाटलं. पोरगी कशात तरी मन रमवते आहे, एवढंच मला दिसलं.

आणि घट उगवेना. ऊन नाही, हवेला ओल, वरून आमच्या रानाची ती चुनखडी माती. तिसऱ्या माळेला दाणे फुगले. चौथ्या माळेला कुबट वास येऊ लागला. पाचव्या माळेला मातीवर पांढरी बुरशी धरली आणि तिच्यातून पाच-सहा पिवळे कोंब वाकडे होऊन वर आले, बस्स. हे परडीपुढे बसले, पण नेहमीसारखा घट न वाचताच उठले. मी घाईघाईने म्हटलं, "अजून दिवस आहेत." सायलीने फोटो काढला, मोबाईल खिशात टाकला आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. दाराबाहेरून मी हाक मारली तर म्हणाली, "आई, जा तू कामाला. मी ठीक आहे." मी गेले, पण लायब्ररीत दिवसभर उलट्या क्रमाने पुस्तकं लावत राहिले. माझी मुलगी पाच पिवळ्या कोंबांत आपलं आयुष्य वाचते आहे आणि हे तिला आम्हीच शिकवलं, हे कळून मला धडकी भरली होती.

संध्याकाळी घरी आले. तरवडाची फुलं ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले, दिव्यात तेल घालायला देव्हाऱ्यापुढे वाकले आणि तेलाची बुधली तशीच खाली ठेवली.

परडीत हिरवंगार धान उभं होतं. चांगलं बोटभर उंच, दाट. गहू, ज्वारी, सगळं एका दमात. घट तोच होता, माळा त्याच होत्या. पण भोवतीची माती काळीभोर, कसदार. आमच्या जांभळाखाली जन्मात नसेल अशी. मी आधी हात जोडले, खरंच जोडले, देवीचा चमत्कार म्हणून. मग माती बघितली आणि जोडलेले हात तसेच राहिले.

हे मागे उभे होते. पहिली शिफ्ट करून दुपारी आलेले. नजर चुकवत म्हणाले, "आलं बघ. म्हणलं न्हवतं मी?" आणि खोलीकडे तोंड करून मोठ्यांदा, "सायले, ये की बघायला. घट आला."

सायली आली. तिने बघितलं. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली. मातीचं काय असतं ते शिकायलाच तर ती कॉलेजात जाते. मग तिने मोबाईल काढून कालचा फोटो उघडला आणि बापापुढे धरला.

यांच्या तळपायाला तीच काळी माती लागलेली होती. पुसायचं राहून गेलं होतं.

"आत्याकडची आहे ना?" सायलीने विचारलं.

"व्हय."

ज्या माणसाने मला अंगारकीच्या खिचडीत चिमूटभर हळद पडली म्हणून ऐकवलं होतं, त्याने बसलेला घट हलवला होता. परडीतली माती उपसून, दुसऱ्याच्या घरचं धान आणून पेरून, देवीशी खोटेपणा करून. भूकंप झाला असता तरी मला एवढा धक्का बसला नसता.

"का केलंत पप्पा असं?" सायलीचा आवाज चढला होता. "मला फसवायला? मी लहान आहे का?"

हे खाली बसले. मांडी घालून, पोराने मार खायला बसावं तसे. "मला भ्या वाटलं," म्हणाले.

"कशाचं?"

"तुझं. आन् समद्याचंच." मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. "उन्हाळ्यात शेडमधी पोरं चक्कर येऊन पडत्यात, सायले. आधी न्हाई पडायची. मी त्यान्ला लिंबूपाणी देतो आन् म्हणतो, काय न्हाई होत. घरी येतो, तुला म्हणतो, काय न्हाई होत. मला काय दिसत न्हाई व्हय? ते अंडरपासात पाणी कुठनं आलं, मला ठावं हाय. आपल्या रानातनं वढा जायचा. पाऊस आला का त्यात जिरायचा. त्या वढ्यावर आता आपली पार्किंग हाय. रान दिल्याच्या कागदावर सही माझी हाय. तू पाण्यात अडकली तवापासनं मला झोप न्हाई. आभाळ आलं का मी कंपनीतनं हिला फोन करतो, भाजी काय आणू इचारायला. भाजी न्हाई इचारायची मला. तू घरी हाय का, ते इचारायचं असतं."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ताटाच्या अंतरावर जेवणाऱ्या माणसाचं हे मला ठाऊक नव्हतं. ते भाजीचे फोन मी वैतागून घ्यायची.

सायली बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता ही कोसळणार. आधीच घाबरलेल्या पोरीपुढे बापाने हे असं ओकायला नको होतं. पण झालं उलटंच. तिचे खांदे खाली आले. अनेक आठवडे ते कानापर्यंत चढलेले होते आणि मला ती तिची चालच वाटू लागली होती.

"म्हणजे तुम्हालाही दिसतं," ती म्हणाली. "म्हणजे मी वेडी नाहीये."

"न्हाई गं बाळा."

मग ती रडली. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, लहानपणी रडायची तशी. रडून झाल्यावर हातानेच नाक पुसून म्हणाली, "आई, भूक लागलीये." मी उठले आणि काय करू, काय नको असं झाल्यामुळे नुसता वरणभात लावला. तिने तीनदा वाढून घेतला.

"आधीची परडीतली माती कुठे टाकलीत?" जेवताना तिने विचारलं.

"टाकीन कशी? घट उठवल्याबिगर टाकत्यात व्हय?" हे म्हणाले. गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे एका जुन्या घमेल्यात त्यांनी ती माती ठेवली होती, ते पाच पिवळे कोंब अलगद उभे करून. शेजारी एक पणती. देवीला फसवलं होतं, पण अर्धवटच. सायलीने ते घमेलं उचललं आणि देव्हाऱ्यात परडीच्या शेजारी आणून ठेवलं. काळ्या मातीतलं हिरवं आणि चुनखडीतलं पिवळं, दोन्ही शेजारी शेजारी. देवी काय म्हणेल ते म्हणू दे, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघं कुरुळीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडूची वावरं, पण फुलं काळी पडून देठावरच सडलेली. दसरा तोंडावर आणि वावरात फुलांचा नुसता आंबूस वास. आक्कांच्या घराच्या मागे कंपनीची भिंत आहे, भिंतीपलीकडून कसलं तरी मशीन सारखं हुंकार देतं. आक्का दारात आल्या, सायलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि काही न विचारता आत देव्हाऱ्याकडे घेऊन गेल्या.

त्यांची परडी भली मोठी. तिच्यातला अर्धा भाग रिकामा होता. खुरप्याने भाकरीसारखं नीट कापून अर्धं धान मातीसकट काढून दिलेलं. उरलेलं अर्धं तेवढं दाट उभं होतं आणि कापलेल्या कडेला पांढरी मुळं दिसत होती.

आक्का, ज्या पाळीच्या दिवसांत देव्हाऱ्याच्या खोलीचा उंबराही ओलांडू द्यायच्या नाहीत, त्यांनी भरल्या नवरात्रात घटाला खुरपं लावलं होतं.

"आत्या, तुला भीती नाही वाटली?" सायलीने विचारलं.

"वाटली की," आक्का म्हणाल्या. "दत्ता आला, तुझा बाप, दारात बसून रडाया लागला. एवढा बाप्या गडी. मंग मी देवीला म्हणलं, आई, लेकीसाठी चाललंय, रागावू नगंस. तुझ्याबी लेकी असतील." मग परडीकडे बघत म्हणाल्या, "आन् तसं बी, पोरी, हे घटातलं हिरवं हाय, भाईर वावरात काय हाय ते तू येताना बघितलंस. मला बी कळतं. म्हातारी झाले म्हणून आंधळी न्हाई झाले. फकस्त बोलू कुणाला?"

सायली आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. आक्का तिच्या केसांतून बोटं फिरवत फुलांचं, पावसाचं, विहिरीचं सगळं खरं खरं सांगत राहिल्या. एकही गोष्ट धीर देणारी नव्हती. आणि माझी मुलगी, जी महिनाभर जीन्स घालून टक्क डोळ्यांनी पडून असायची, ती भरदुपारी आत्याच्या मांडीवर झोपून गेली.

एका दुपारच्या झोपेने सगळं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्यांचा मला आता संताप येतो. सॅक अजून दाराशी आहे. फक्त तिच्यात आता सायलीच्या पप्पांनी स्वतःच्या बीपीच्या गोळ्या टाकल्या आहेत, आणि मला ते जरा जास्तच मनावर घेतल्यासारखं वाटतं. समुपदेशक बाईंकडे ती महिन्यातून दोनदा जाते. मधल्या काळात काही वाईट दिवस आले, एक पेपर राहिला. आभाळ भरलं की तिचे खांदे चढतात. पण आता ती खोलीत जात नाही. बापाला फोन करते आणि सरळ म्हणते, मला भीती वाटतेय. ते शेडमधून म्हणतात, मला बी. एवढंच बोलून दोघं फोन ठेवतात. भाजीचं कुणी विचारत नाही. बापलेक रविवारी सोसायटीच्या लोकांना गाठून त्या जुन्या ओढ्याचं काही करता येईल का, याची डोकेफोड करत असतात. लोक ऐकतात, चहा देतात आणि विषय बदलतात. दोघं पुन्हा जातात.

आणि आज पुन्हा घट बसायचे होते. बाहेर ऊन होतं की नव्हतं, धड सांगता येणार नाही असं आभाळ. पप्पांनी माती सोडली, तिच्यातले खडे वेचले. सायली आंघोळ करून ओल्या केसांनी येऊन बसली.

"पप्पा, यंदा नाही उगवलं तरी बदलायचा नाही हं."

"न्हाई बदलत," हे म्हणाले. "येईल ते बघू."

मी परडीत माती पसरली. घटात पाणी भरत होते, तेवढ्यात सायलीने माझं मनगट धरलं.

"आई, थांब. हे मला करू दे ना. किती माती घ्यायची, दाणे किती खोल टाकायचे, सगळं नीट दाखव एकदा." आणि मोबाईल उचलत, अगदी साध्या सुरात, आज दूधवाला आलेला नाही असं सांगावं तसं म्हणाली, "पुढे मला माझ्या घरी लागेल ना."

माझा हात थांबला. यांनी मान खाली घातली आणि खडे वेचत राहिले. मातीत एकही खडा उरलेला नव्हता.

"अर्धं बोट," मी म्हणाले. "दाणा अर्धं बोट खोल टाकायचा. जास्त नाही."